रोट सरल्याशिवाय उदयपूर नाही

आमच्या घरात कुठे फिरायला जायचं असेल तर ते आधी कुणाला सांगायचं नसतं, हे मी सापुताऱ्याला शिकले.

सापुताऱ्याला खरं तर मी, प्रेमराज आणि आमची रेवा असे तिघंच जाणार होतो. प्रेमराजने बोलता बोलता ते भिकननानांना फोनवर सांगितलं. भिकननाना म्हणजे माझे थोरले दीर. गावाकडची शेती बघतात आणि जोडीला स्वतःची क्रूझर जीप भाड्याने चालवतात. "क्रूझर रिकामीच उभी शे," एवढंच ते म्हणाले, आणि सापुताऱ्याच्या तलावावर आमची अख्खी भावकी उतरली. नाव म्हणजे देऊळच, अशा भक्तीने सगळ्यांनी चपला काठावर काढल्या. नावेत जागा मोजकी. सगळ्यांचा नंबर लागला, माझा लागला नाही. मी काठावर उभी. खांद्याला पिशव्या, पायाशी चपलांचा ढीग. रेवा नावेत नानांच्या मांडीवर, तिच्या अंगातलं जॅकेट एवढं मोठं की तिचं डोकं त्यात बुडालेलं. नाव मध्यावर गेली तसा प्रेमराजने मला हात केला. मीही केला. माझ्या हातात नानांचा बूट होता.

तेव्हाच ठरवलं, एकदा तरी तलावाच्या गावी जायचं, तिघांनीच. आणि जाताना आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं.

ही पुढच्या सीटची गोष्ट सांगायलाच हवी. गाडी आमचीच. भाजी आणायला जाताना मी पुढे बसते, ते सोडा. पण लांबचा रस्ता आला की ती सीट सासूबाईंची. मागे बसलं की त्यांना मळमळतं. सासूबाई नसल्या तर नानांची, कारण रस्ते त्यांना पाठ. नाना नसले तर कुणीतरी असतंच, ज्याचे गुडघे दुखतात. मी कायम मागे, मांडीवर रेवा आणि हातात उलटीची पिशवी. लग्नाला पाच वर्षं झाली, नवऱ्याची मान मागून मला जितकी ओळखीची झाली तितकी कुठल्याच बायकोला झाली नसेल.

तर यंदा उदयपूर ठरलं. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या होत्या. प्रेमराज दीपनगरच्या वीजकेंद्रात आहे, त्याने रजा टाकली. पिचोला तलावाकडे खिडकी असलेली खोली मी शोधून काढली. मग माझं नेहमीचं सुरू झालं. खिडकीला गज आहेत का? गजांमधून चार वर्षांच्या मुलीचं डोकं जातं का? माकडं येतात का? हॉटेलच्या मॅनेजरला मी इतके फोन केले की शेवटी तो "नमस्ते, रेवा की मम्मी" असंच म्हणायला लागला. त्याला शेवटचं विचारलं ते जॅकेटचं. नावेत लहान मुलांच्या मापाचं जॅकेट मिळेल ना? मोठं नको, मापाचंच. तो म्हणाला, चौकशी करून फोन करतो.

"तू सहलीला चाललीस की बंदोबस्ताला?" प्रेमराज म्हणाला.

"तुम्ही हसा. सापुताऱ्याला काठावर कोण होतं?"

यावर तो गप्प बसला. सापुतारा काढला की तो गप्प बसतो, म्हणून मी तो जपून वापरते.

गाडीसाठी रेवाची पट्ट्यांची खुर्चीही मागवली. ती मागच्या सीटवर बांधली की मला मागे बसायचं कारणच उरत नव्हतं. आम्ही जळगावात मेहरूण तलावाजवळ राहतो. त्या खुर्चीत बसवून रेवाला तलावाला दोन फेऱ्या मारून आणल्या, सराव म्हणून. तिला ती आवडली. खाणं सोडलं तर तिला बाकी सगळं आवडतं. खाण्याच्या नावाने मात्र तोंडाला कुलूप. एका पोळीचा घास गालात धरून ती अख्खी दुपार काढू शकते. डॉक्टर म्हणतात वजन ठीक आहे. डॉक्टरांना काय, ते दिवसातून तीनदा तिच्यासमोर ताट घेऊन बसत नाहीत.

गुपित फुटायची पहिली वेळ तिच्यामुळेच आली. गावाकडून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला होता. रेवाने फोन नाकाला लावला आणि ओरडली, "आजी, आम्ही बोटीत जाणार!"

"बोट? कोनती बोट वं?"

"मेहरूणच्या तलावावर, माय," प्रेमराज मागून घाईघाईने म्हणाला. "फेरी मारायला."

माझ्या सासूबाई, ताईबाई. गावात सगळे त्यांना नावानेच ओळखतात आणि जरा दबकूनच असतात. त्या पडद्यावर बराच वेळ दिसत राहिल्या, डोळे बारीक करून. मी रेवाकडून फोन काढून घेतला आणि पावसापाण्याचं विचारलं.

आता मधली अडचण. सुट्टीच्या आधीचा रविवार कानबाईचा होता.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने पाच-पाच मुठी गहू घेऊन दळतात. तेच रोट. त्याच्या पोळ्या भाऊबंदांनीच खायच्या, परक्याला कण द्यायचा नाही, टाकायचं तर मुळीच नाही, आणि राखीपौर्णिमेच्या आत सगळं सरलं पाहिजे. पुढे प्रत्येक घराण्याची रीत निराळी. आमच्या घराण्यात एक जास्तीचा काटा आहे. रोट सरेपर्यंत तो खाणाऱ्याने गावाची शीव ओलांडायची नाही. माझं माहेर भुसावळचं, आमच्याकडे रोट नाहीत. त्यामुळे हे सगळं मी लग्नानंतर पाठ केलं, बी.एस्सी.ला सूत्रं पाठ केली तसं.

"सोपं आहे," प्रेमराज म्हणाला. "चार पुरुष. मी, नाना, नानांची दोन पोरं. पोरं सुरतेला, त्यांना यंदा सुट्टी नाही, म्हणजे त्यांचं आपण खायचं. मंगळवारी रात्रीपर्यंत सरतं. बुधवारी सकाळी गावाहूनच निघू. सोनगीर वाटेवरच आहे, तिथून हायवे धरला की सरळ इंदूरकडे. सामान आधीच डिकीत भरून ठेवू. कुणाला कळणारही नाही."

हिशेब मलाही पटला. एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो. मूठ कुणाची, हे विसरलो. मूठ ताईबाईंची होती, आणि त्यांची मूठ म्हणजे छोटी परातच.

रविवारी कानबाई थाटात बसली, रात्रभर गाणी झाली, सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला नदीवर नेऊन निरोप दिला. आल्यावर रोटाच्या पिठाचा डबा चुलीजवळ ठेवला गेला. सोनगीरच्या तांबटांकडून घेतलेला, जाडजूड, पितळी. मी झाकण उघडून आत पाहिलं आणि मनात म्हटलं, होईल. चार तोंडं नेटाने चालली तर होईल.

दुपारी मी आणि जाऊबाई पुरण भरत होतो. जाऊबाईंना सगळे अक्का म्हणतात. माझे दोन्ही हात कणकेत, फोन फळीवर. तो वाजला. मी "राहू द्या अक्का" म्हणेपर्यंत अक्कांनी कोपराने बटण दाबलं, तेही स्पीकरचं.

"नमस्ते, रेवा की मम्मी! आपने बच्ची की लाइफ जैकेट का पूछा था ना? छोटे साइज की मिल जाएगी। और लेक साइड वाला रूम आपका पक्का है। उदयपुर में आपका स्वागत है!"

अक्कांच्या हातातली पोळी तव्यावर पडायची तशीच लोंबत राहिली. सासूबाईंनी चुलीतलं लाकूड जरा मागे ओढलं. आणि बाहेर ओट्यावरून नानांचा आवाज आला, अगदी मऊ.

"उदयपूर?"

माझ्यामुळेच फुटलं होतं गुपित. जॅकेटच्या मापापायी.

नाना आत आले, पाटावर बसले. चेहरा असा आनंदी, जणू त्यांचंच लग्न ठरलंय. "मी बी नही दखेल उदयपूर. मस्त शे म्हनतस. वाटमा सावलिया सेठनं देऊळ, मंग नाथद्वारा. प्रेमराज, सांगाले काय झायं रे तुले? क्रूझर कोनी शे?"

"नाना, खोली तिघांचीच आहे..."

"खोलीमा आपले झोपनं शे का? फिरनं शे ना?" नानांनी हिशेब मांडायला घेतला. "क्रूझर दुरुस्तीले गॅरेजमा शे. बेस्तवारले भेटी. बेस्तवारले बठ्ठा निघूत."

"आम्ही बुधवारी निघतोय, नाना," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. "गुरुवारी नाही, बुधवारी."

नाना हसले. डब्याकडे बोट केलं. "रोट तर सरू दे, दिपमाला. आनि नही सरना तरी काय? डबा संगे ली जाऊत. जठे डबा, तठे भाऊबंद. जठे भाऊबंद, तठे शीव."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पोळी उलटत होत्या. पुढच्या सीटची मालकीण काय बोलणार, माझ्या मनात आलं. नाथद्वाऱ्यापर्यंत त्यांना मळमळायला मोकळीक मिळाली होती.

मग कळलं की ही आता शर्यत आहे. बुधवार सकाळपर्यंत डबा रिकामा झाला तर आम्ही सुटलो. नाही झाला तर गुरुवारी क्रूझर, आणि तलावाच्या काठावर मी, चपलांसोबत.

त्या दुपारी नाना जेवायला बसले आणि अर्धी पोळी खाऊन हात धुवायला उठले.

"नाना, एवढंच?" प्रेमराज म्हणाला.

"आज मना सोमवार शे," नाना म्हणाले.

या माणसाने आयुष्यात सोमवार धरला नव्हता. श्रावणातल्या सोमवारी यांना धुळ्याच्या बसस्टँडवर शेवभाजी खाताना मी स्वतः पाहिलंय. अक्कांनाही लगेच सोमवार आठवला. म्हणजे चार तोंडांची झाली दोन, सासूबाईंचं अर्धं धरलं तर अडीच. अर्धं अशासाठी की त्यांना दात कमी आणि बोलायची इच्छा त्याहून कमी.

मी आणि प्रेमराज समोरासमोर बसलो. एकमेकांकडे पाहिलं. मी म्हटलं, "आई, वाढा."

पुरणपोळी वाईट लागते असं कुणी म्हणणार नाही. पहिली तुपासोबत स्वर्ग. दुसरी दुधात कुस्करून छान. त्यानंतर ती पोळी राहत नाही, ते काम होतं. प्रेमराजने पायजम्याची नाडी आधी सैल केली, मग खांद्यावरचा टॉवेल मांडीवर घेऊन त्याआड ती सोडूनच टाकली. मी बोटाने घास मागे ढकलत होते आणि वर हसत होते, "काय सुंदर झालीय आई, अजून एक!" सासूबाई वाढत होत्या. चेहऱ्यावर काही नाही.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी गेली. समोरच्या दोन म्हाताऱ्या मुद्दाम मला बघायला आल्या. "जळगावनी सून शे, तरी कितलं खास वं!" किती खाते बघा, असं म्हणत एकीने माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. पाच वर्षांत माझ्या शिक्षणाचं, माझ्या हातच्या भरताचं, कशाचं इतकं कौतुक झालं नव्हतं.

मंगळवारी नानांची दाढ दुखली. उजव्या गालावर हात ठेवून ते सकाळी फिरत होते. दुपारी हात डावीकडे गेला होता.

"नाना, दाढ सरकली का?" मी विचारलं.

"कळ फिरस ती," नाना शांतपणे म्हणाले. "तुले काय कळी? तू अजून जवान शे."

आणि उठता उठता म्हणाले, "क्रूझरमा तू मागे बठ बरं का, खिडकीजोडे. तुले वारा लागी."

ते ऐकलं आणि मी अजून एक पोळी मागितली. रागाला पोटात वेगळी जागा असते, हे मला तेव्हा समजलं. प्रेमराज मात्र भिंतीला टेकून बसला होता, डोळे मिटून. हळूच म्हणाला, "दिपमाला, क्रूझर काही वाईट नसते गं."

"सापुतारा," मी म्हटलं. त्याने ताट पुढे केलं.

रेवा या सगळ्यात अंगणात कोंबडीच्या पिलांमागे फिरत होती. तिच्यासमोर मी तीनदा पोळीचा तुकडा नेला, तीनदा तिने तोंडाला कुलूप लावलं. एकदा घेतला, तो गालात ठेवला आणि तासाभराने माझ्या तळहातावर परत केला. सरकारी ठेव परत करावी तसा. तो मीच खाल्ला, टाकायचं नव्हतं ना.

मंगळवारी रात्री जेवणं झाली तेव्हा मी डब्यात हात घालून पाहिलं. तळ लागत होता. सकाळी उरलीसुरली कणिक भिजवायची, दोघांनी मिळून एखादी पोळी खायची आणि निघायचं. जिंकलो होतो आम्ही.

बुधवारी सकाळी सासूबाईंनी डबा पालथा करून पीठ झटकलं, त्याची पोळी आम्ही दोघांनी वाटून खाल्ली. आणि मग फळीवरून एक छोटा पितळी डबा खाली काढला, हळदीकुंकवाची बोटं लावलेला. त्यातूनही पीठ निघालं. थोडंच होतं, पण होतं. त्याचीही पोळी झाली. टम्म फुगलेली, पूर्ण एक.

"हे कुठून आलं?" मी म्हटलं. मला रडू यायचं बाकी होतं. "आई, चार पुरुषांचे रोट सरले ना?"

"सरनात."

"मग?" मी ताट ओढलं. पोटात तसूभर जागा नव्हती. पण एक पोळी, एकच. "द्या. मी खाते."

सासूबाईंनी ताट माझ्या हातातून काढून घेतलं. "तुना नही तो."

नाना दारात येऊन उभे होते. दाढ विसरून दोन्ही हात कमरेवर. "मंग कोना शे?"

"रेवाना," सासूबाई म्हणाल्या. "पाच मुठी तिन्या बी टाक्यात मी, तिना हातएवढ्या बारक्या."

मी तर उभीच राहिले. आमच्या घराण्यात मुलींच्या नावाने रोट नसतात. पाच वर्षं मी पाहत होते, मुठी मोजल्या जायच्या, नावं घेतली जायची, आणि रेवाच्या जन्मानंतरही ती नावं तेवढीच राहिली होती. मी कधी बोलले नव्हते. माझ्या पाहण्याकडे कुणाचं लक्ष असेल असंही मला वाटलं नव्हतं.

"पोरना रोट?" नाना म्हणाले. "आपलामा पोरीसना रोट नही ऱ्हास, माय."

"काब्र?" सासूबाईंनी मान वर केली. "कानबाई काय बाप्या मानूस शे का?"

अक्का तोंडाला पदर लावून चुलीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते.

पण नाना क्रूझरवाले. वळण आलं की गिअर बदलायचं त्यांना कळतं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "बरं. पोर घरमा शे, तर तिना रोट तिनीच खावा. आख्खा. आनि ती खास का?" ते खाली बसले, भिंतीला टेकले. "काही घाई नही. बेस्तवार उद्याच शे."

माझा आनंद तिथेच मावळला. अख्खी पोळी, रेवा! एका घासात दुपार काढणारी माझी पोर. मी लगेच तिला मांडीवर घेतलं, तुकडा मोडला, फुंकर घातली. "रेवू, आ कर बरं. चिऊचा घास..."

कुलूप.

"तू बाहेर जाय," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, तिला माझ्याशिवाय..."

"तू दखस ना, म्हनीसन ती खास नही. जाय. गाडीजोडे उभी ऱ्हाय. पाठ करीसन."

मला पाठ करून उभं राहायला सांगणं म्हणजे काय, ते माझ्याकडे बघणाऱ्याला कळणार नाही. मुलगी झोपली की तिचा श्वास चालू आहे ना हे बघणारी मी. पण दुसरा उपाय काय होता? मी अंगणातून गाडीपाशी गेले. घराकडे पाठ केली. दोन श्वास घेतले.

आणि मग गाडीचा बाजूचा आरसा बोटाने जरासा वळवला.

पाठ केलेलीच होती मी. आरशाचं कुणी काही म्हटलं नव्हतं.

आरशात ओटा दिसत होता. सासूबाईंनी मोठ्या ताटात दूध ओतलं. पोळीचा एक तुकडा मोडून त्यावर सोडला. "हाई दख, तुनं तळं," त्या म्हणाल्या. "आनि हाई तुनी नाव. बुडाना पह्यले खाई ले. बुडनी तर गई." आणि त्या तोंड फिरवून कोंबड्यांकडे बघत बसल्या. रेवाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

रेवा वाकून ताटात बघत होती. तुकडा दूध पीत पीत खाली जायला लागला. तिने पटकन उचलला आणि तोंडात टाकला.

"अजून नाव दे!" ती ओरडली.

दुसरी नाव गेली, तिसरी गेली. ती स्वतःच तुकडे मोडायला लागली, स्वतःच सोडायची, स्वतःच वाचवायची. बोटं दुधात, हनुवटीवर दूध, फ्रॉकवर पुरण. कुणी तिला आ कर म्हणत नव्हतं. मी चार वर्षं घास घेऊन तिच्यामागे धावत होते. कधी थांबावं असं मला सुचलंच नव्हतं. शेवटी नाना उठून ओट्यापाशी आले आणि पोळी कमी होताना पाहू लागले. सुरुवातीला त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. मग तेच म्हणाले, "अय रेवा, ती दख, ती बुडी राहिनी!" एवढे ते दिलदार. शर्यत हरतानाही खेळणाऱ्याला आवाज देणारे.

मग त्यांचा फोन वाजला, गॅरेजवाल्याचा, आणि ते बोलत अंगणाच्या कोपऱ्यात गेले.

तेवढ्यात रेवाची शेवटची नाव बुडाली. मोठीच होती. रेवाने हात मागे घेतला, तोंड उघडून जांभई दिली आणि पोटावर हात ठेवला. झालं होतं तिचं.

सासूबाईंनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. बुडालेली नाव दुधातून काढली आणि आपल्या तोंडात टाकली. चावायला दात कमी, म्हणून तशीच गिळली. वर ताट तोंडाला लावून उरलेलं तळंही पिऊन टाकलं.

मी आरसा होता तसा वळवून ठेवला. आरशात दिसलेलं कुणाला सांगायचं नसतं.

"सरना!" सासूबाईंनी रिकामं ताट नानांसमोर धरलं.

नानांनी ताट पाहिलं, उलटं करून पाहिलं, रेवाचे गाल दाबून पाहिले. गालात काही नव्हतं. "बरं," ते म्हणाले. "तुम्ही निघा. मी बेस्तवारले मांगून येस. हाटेलनं नाव काय?"

प्रेमराज माझ्याकडे बघायला लागला. मी रेवाच्या फ्रॉकवरचं पुरण पुसायला लागले. कुणीतरी काहीतरी बोलणं भाग होतं.

सासूबाई घरात गेल्या आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या. भरलेली, वर तोंड बांधलेली. म्हणजे आधीच भरून ठेवलेली. "मी बी जास," त्या म्हणाल्या. "पोचीसन तुले फोन करस, भिकन. मंग ये. मना फोन येस तवलोंग निघू नको. उगा वाटमा चुकामूक व्हई."

"हाई बेस," नाना म्हणाले. आईच जाते म्हटल्यावर त्यांना पत्ता विचारायचं कारण राहिलं नाही.

आणि सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या.

मी मागे बसले. रेवाच्या खुर्चीशेजारी, दप्तर आणि पाण्याच्या बाटल्या यांच्यामध्ये, जवळजवळ आडवी. पोटात तीन दिवसांचे रोट. समोर नवऱ्याची मान. गाडी हलली, अक्कांनी हात केला. गावाची शीव आली आणि गेली. रडायचं नाही, मी स्वतःला सांगितलं. म्हाताऱ्या बाईने तुझ्या मुलीच्या नावाने मुठी टाकल्या, तिला एक सीट देता येत नाही तुला? देता येते. दिलीच होती. पण तरीही खिडकीतून बाहेर बघताना सोनगीरचा किल्ला जरा पुसट दिसत होता.

सोनगीर फाट्याशी सासूबाई म्हणाल्या, "थांबाड गाडी."

"मळमळतंय का?" मी पिशवी पुढे केली.

"काही नही मळमळस." त्यांनी दार उघडलं. पिशवी घेतली आणि खाली उतरल्या. "मी अठे शेवंताकडे ऱ्हास चार दिन." शेवंताबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण, सोनगीरलाच दिलेली.

प्रेमराजला काही कळेना. "माय, आणि नाना? ते फोनची वाट बघतील..."

"बघू दे." सासूबाईंनी कमरेचा बटवा काढला, त्यातला फोन काढला आणि बराच वेळ दाबून धरला. त्याचा उजेड गेला. "चार्जिंग नही," त्या म्हणाल्या.

मी केव्हा उतरले कळलं नाही. भर रस्त्यात वाकले त्यांच्या पाया पडायला. पोटातल्या रोटांमुळे पुरतं वाकताही येईना. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. उघड्या दारातून पुढच्या सीटवर थाप मारली.

"बठ. गरम करी ठेयेल शे."

मी बसले. सीट खरंच गरम होती. प्रेमराजने गिअर टाकला आणि मी त्याच्याकडे बाजूने पाहिलं. पुढच्या सीटवरून तो बरा दिसतो. मागे रेवा तिच्या खुर्चीत झोपली होती, पोट वर. मी सवयीने वळले, तिचा श्वास पाहिला, पट्टा ओढून पाहिला, आणि पुन्हा पुढे बघायला लागले. थोड्या वेळाने पुन्हा वळले; ते काही लगेच जाणार नाही.

शिरपूरच्या अलीकडे प्रेमराजचा फोन वाजला. नाना. प्रेमराजने घाबरून फोन माझ्याकडे दिला.

"दिपमाला, मायना फोन बंद येस ना! बरी शे ना ती? मळमळ-बिळमळ?"

"अजिबात नाही, नाना," मी पाय जरा लांब केले. "पुढेच बसल्यात ना. मस्त वारा लागतोय."